काल मायकन आपल्याकडे होता

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

59-61. दोन पॉइंटांनी गेली मॅच. हरल्याचं काही नाही, बास्केटबॉलची टीम चालवायच्या या ऑनलाइन गेममध्ये याहून वाईट हरलेय मी. चिनू जे बोलला ते मात्र सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

काल तो चिवड्याची वाटी घेऊन शेजारी येऊन बसला. स्क्रीनवर मॅचच्या आधीचं पान उघडं होतं. कोण खेळणार, कोण कुणाला मार्क करणार, हे सगळं मी तासभर घोळत बसले होते. टेम्पोच्या, म्हणजे खेळाच्या वेगाच्या, रकान्यात 'स्लो' होतं. ते असतंच. त्याने विचारलं, "मावशी, आपली टीम त्यांच्यापेक्षा चांगली आहे ना? मग स्लो का?"

मी त्याला माझी आवडती गोष्ट सांगितली. 22 नोव्हेंबर 1950. मिनियापोलिस लेकर्सकडे जॉर्ज मायकन, बास्केटखाली त्याला अडवणारा कुणी नाही. फोर्ट वेन पिस्टन्सनी ठरवलं, बॉल हातातून सोडायचाच नाही. नुसते पास. मॅच संपली 19-18 आणि पिस्टन्स जिंकले. लेकर्सच्या 18 पैकी 15 एकट्या मायकनचे. एनबीएमध्ये इतका कमी स्कोर पुन्हा कधी झाला नाही. असल्या खेळाला लोक विटले आणि 1954 मध्ये 24 सेकंदांचं घड्याळ आलं, तेवढ्यात शॉट मारायचाच. तो आकडाही किती साधा: 48 मिनिटांचे 2880 सेकंद, रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही टीमचे मिळून साधारण 120 शॉट, भागाकार 24.

शेंगदाणे वेचत त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मावशी, आज मायकन आपल्याकडे आहे."

बदलायला अजून बारा मिनिटं होती. मी नाही बदललं. बेंच लहान आहे, पोरं दमतील, असं काहीतरी त्याला सांगितलं. बेंचवर नऊ जण फिट होते.

आज ऑफिसातून आल्यावर वही काढली आणि पझेशन्स मोजली, म्हणजे बॉल किती वेळा आपल्या ताब्यात आला ते. शॉट 54, त्यातून शॉट हुकल्यावर आपणच पकडलेले ऑफेन्सिव्ह रिबाउंड 9 वजा, टर्नओव्हर म्हणजे शॉट न मारताच गमावलेले बॉल 11 अधिक, फ्री थ्रो 9 गुणिले 0.44 (प्रत्येक फ्री थ्रोने पझेशन संपत नाही म्हणून). म्हणजे साधारण 60 पझेशन्स. फास्ट खेळलो असतो तर 80 झाली असती. एका पझेशनमागे आपण 0.05 पॉइंटने सरस आहोत असं धरलं तर 60 मध्ये आघाडी 3 ची, 80 मध्ये 4 ची, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने जास्त. नशिबाचा हेलकावा मात्र वर्गमुळाने वाढतो, जेमतेम 15 टक्के. जितकी जास्त पझेशन्स, तितकी सरस टीमची बाजू पक्की. कमी पझेशन्स म्हणजे दुबळ्याला संधी. हे मला पाठ आहे. दोन वर्षं आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये घसरता घसरता वाचलो ते याच हिशोबावर.

मग काल काय झालं? समोरच्यांना ती संधी मी माझ्या हाताने दिली.

आपण सरस आहोत हे आकड्यात दिसत होतं, चौदा वर्षांच्या पोराला दिसत होतं. मला का पटलं नाही?

कॉलेजला मी पॉइंट गार्ड होते. सर बाहेरून सारखे ओरडायचे, "बॉल सांभाळ, घाई नको." बरोबरच होतं त्यांचं, आम्ही दुबळ्याच होतो. पण शेवटच्या वर्षी नव्हतो. त्या सेमीफायनलमध्ये बॉल हिसकावून मी मधल्या रेषेपुढे एकटी निघाले होते. समोर कुणीही नाही, मोकळी रिंग. मी थांबले. ड्रिबल करत मागच्यांची वाट बघितली. त्या पाच सेकंदांत त्यांच्या तिघी परत आल्या. पायाखालचं ते तापलेलं सिमेंट अजून आठवतं. सर त्या वेळी काहीच ओरडले नव्हते.

नाशिकरोडच्या घराचंही तसंच झालं. जाऊ दे. आणि सेक्शनच्या त्या अर्जाचं... ते आता लिहीत नाही.

संध्याकाळी पंचवटीत जायचं होतं, आईची औषधं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलाय, घाटाकडे ही गर्दी. गोदावरीचा पूर ज्या मूर्तीवरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर पाणी होतं. मीही थांबले. शेजारचे एक आजोबा कुणाला तरी सांगत होते, "दुपारी गुडघ्याशी होतं. आता छातीला लागेल बघा." खूण ठरलेली, रोजची नजर, त्यामुळे आवाजात अजिबात डळमळ नाही. पाणी किती आहे ते बघायचं आणि तेवढंच म्हणायचं. मला त्यांच्या त्या आवाजाचा हेवा वाटला.

परत येईपर्यंत जरा हलकं वाटत होतं. सरांवर राग नाही. ते जे सांगत होते ते त्या टीमसाठी खरं होतं, मीच ते पुढच्या सगळ्या टीमसाठी धरून ठेवलं. वीस वर्षांचा हात एका रात्रीत सुटणार नाही, हेही कळतंय. पण मॅचच्या आधी वही काढता येते. आजवर मी ती नेहमी मॅच झाल्यावर काढत आलेय.

म्हणून आता काढली. शनिवारी समोर पहिल्या नंबरची टीम आहे. प्रत्येक पझेशनमागे ते आपल्याहून सरस, तीन वेळा मांडून बघितलं. म्हणजे शनिवारी स्लोच. या वेळी मी तो रकाना आधी रिकामा केला आणि मग स्वतः निवडला. त्याच्या पुढच्या मंगळवारी तळाची टीम आहे, तिथे वहीत पेन्सिलीने 'फास्ट' लिहून ठेवलंय. लिहिताना पोटात गोळा आला, तरी खोडलं नाही.

चिनूला मेसेज केला. शनिवारी त्याचा क्लास सहाला सुटतो, मॅच सातला. येतो म्हणाला.