सेमनाच्या चौकीवरचे रिपोर्ट

इजिप्त म्हटलं की सगळे पिरॅमिडपाशीच थांबतात, पण मला त्याहून जास्त वेड लागलंय ते दक्षिण सरहद्दीवरच्या किल्ल्यांचं. आजच्या सुदानच्या उत्तर टोकाला, जिथे नाईलच्या पात्रात तेव्हा खडकच खडक होते आणि होडी नीट जात नसे, तिथे साधारण इ.स.पू. १८५० च्या आसपास इजिप्तचा राजा तिसरा सेनुस्रेत याने मातीच्या विटांच्या किल्ल्यांची रांगच पूर्ण केली, बुहेन, मिरगिसा, उरोनार्ती, सेमना वगैरे. बुहेनची मुख्य भिंत जवळपास ५ मीटर जाड, बाहेर खंदक, बुरूज, बाण मारायला जंग्या, सगळं अगदी पद्धतशीर. सेमनाला तर राजाने दगडावर कोरूनच ठेवलं की न्युबियन (म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या) माणसाने इथून पुढे उत्तरेला यायचं नाही, व्यापाराला किंवा निरोप घेऊन आला तरच सोडायचं.

पण भिंतींपेक्षा मला खिळवून ठेवतात ते तिथले रिपोर्ट. चौक्यांवरून आलेल्या पत्रांच्या नकला एका पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर) लिहिलेल्या होत्या आणि तो १८९६ मध्ये पार लांब, आजच्या लक्सरजवळ एका थडग्यात मिळाला, मागच्या बाजूला कुणीतरी मंत्रतंत्र लिहून कागद पुन्हा वापरलेला! एका पत्रात गस्तीवाल्यांनी ३२ माणसं आणि ३ गाढवांचा माग काढलाय. दुसऱ्यात वाळवंटातली मेदजाय लोकं, बायकासुद्धा, चाकरी मागायला आलीत, त्यांना विचारलं तिकडची काय खबर, तर म्हणाली बाकी काही ऐकलं नाही पण वाळवंट भुकेने मरतंय. अधिकाऱ्याने त्याच दिवशी त्यांना परत पाठवलं, आणि तसं लिहूनही ठेवलं. हे वाचून मी खरंच हललो, कारण लिहिणाऱ्याच्या लेखी ती रोजची नोंद होती.

१९६० च्या दशकात आस्वानचं धरण झालं आणि बुहेन पाण्याखाली गेलं, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ एमरींच्या टीमने जे खणून नोंदवलं तेच आता मुख्यतः हातात आहे. सगळेच किल्ले बुडाले असं बरीच वर्षं धरून चालले होते, पण उरोनार्ती आणि शाल्फाक उंचावर असल्याने वाचले. उरोनार्तीला पूर्वी अमेरिकन पुरातत्त्वज्ञ रिझनरच्या लोकांना पावाच्या आकाराचे लाकडी तुकडे मिळाले होते, त्यावर शिपायांच्या राशनचा हिशोब. २०१२ पासून तिथे पुन्हा काम सुरू झालं आणि किल्ल्याच्या बाहेर नुसत्या दगडांवर दगड रचून बांधलेल्या झोपड्यांची वस्ती सापडली, म्हणजे सगळं आयुष्य काही त्या जाड भिंतींच्या आत चाललेलं नव्हतं. मला तरी पुढे वाचायचंय ते या बाहेरच्या वस्तीबद्दलच.