घाटातलं पाचवं स्थान

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडले तर, चाळीस दिवस होतात. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी आमच्याकडची काही घरं मिळून चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरला पायी जातात. आम्ही त्याला वारीच म्हणतो. शेजारची मंडळी शेगावला पायी जातात, त्यांचाही शब्द तोच.

परतवाड्यापासून वाट साधारण 30 किलोमीटर. गुरुवारी दुपारी निघायचं, धामणगाव गढीला मुक्काम करायचा आणि फटफटल्यावर घाटाला लागायचं. पुढे मेळघाटचं रान, त्यामुळे अंधारात कोणी चालत नाही.

यंदा निघालो तेव्हा माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये एक पत्त्यांचा खेळ होता. स्पष्टच सांगतो, कापसाच्या पैशातले 18 हजार मी त्यात घालवले होते आणि बायकोला ठाऊक नव्हतं. हे हौसेनं झालं नाही. भादव्यात आंबिया बहाराला गळ लागली, झाडाखाली संत्र्यांचा सडा पडला. कर्ज तसंच उभं. रात्री अंथरुणावर पडलं की डोळ्यापुढे आकडे नाचायचे. अशाच एका रात्री पाचशे टाकले, तीनशे जिंकलो आणि अडकलो.

मुक्कामाला झोप येईना. बॅटरीच्या उजेडात बायबलातलं मत्तयाचं शुभवर्तमान उघडलं. चौथ्या अध्यायात सैतानानं अरण्यात घेतलेली प्रभू येशूची परीक्षा, सहाव्यात चिंता करू नका हा उपदेश. दोन्ही मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्या रात्री पहिल्यांदा लागोपाठ वाचले. सैतान भाकरीचा विषय काढतो तो प्रभूला भूक लागल्यावर. उपवासाचे चाळीस दिवस झालेत, अंगात त्राण नाही, आणि समोर धोंडे पडलेत, त्यांच्या भाकरी कर म्हणतो. माझ्याकडेही तो असाच आला होता. मला पैशाची हाव सुटली नव्हती, मला धास्ती होती. ती धास्ती पाहूनच त्यानं दार ठोठावलं. आणि प्रभू त्याच्याशी वाद घालत बसत नाही. तिन्ही वेळा शास्त्रातलं वचन सांगतो, तिन्ही बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली. मी मात्र रोज रात्री वाद घालायचो, आज शेवटचं, एवढे निघाले की बंद. वाद घालणारा हरतोच, हे मला माझ्या 18 हजारांवरून कळलंय.

सकाळी घाट चढताना क्रुसाची वाट सुरू झाली, म्हणजे प्रभूच्या क्रूस वाहण्याची आठवण करत टप्प्याटप्प्यानं केलेली प्रार्थना. चौदा स्थानं, दर दोन-चार वळणांनी थांबायचं, गुडघे टेकायचे. सागाची वाळकी पानं पायाखाली कडकड वाजत होती, उतारावर पळस पेटलेला. आमच्या गावच्या सत्तरीतल्या मावशी पुढे होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण चौदाही स्थानं तोंडपाठ.

चार स्थानांपर्यंत रेंज नव्हती. पाचव्याला थांबलो आणि खिसा थरथरला. नको म्हणत असतानाच हात गेला. पाचशे रुपये बोनस, फक्त आज रात्री बारापर्यंत. अंगठा काचेवर टेकलेला आणि समोर मावशी सांगत होत्या, “कुरेनेकर शिमोन वावरातून येऊन राह्यला होता. त्याले धरलं आन् प्रभूचा क्रूस त्याच्या खांद्यावर देला.”

वावरातून. वावरातून घरी निघालेला माणूस. हे स्थान मी किती वेळा ऐकलं असेल, पण तो शेतकरी असावा हे कधी मनात आलं नव्हतं. प्रभूनंही ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊ दिलं, मग मी कोण एकट्यानं वाहणारा?

सगळे उठून चालू लागले तेव्हा मी मावशींना गाठलं. “मावशी, हे ठेव तुह्यापाशी. मी मागितला तरी देऊ नको.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काहून रे पोरा?”

सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं, चालता चालता, खाली बघत. त्या काही बोलल्या नाहीत. शिदोरीचं फडकं सोडलं, भाकरींच्या मधे मोबाईल ठेवला, गाठ मारली. मग म्हणाल्या, “घरवालीले सांगितलं का?”

“नाही.”

“मंग आज सांगजो.”

पुढची नऊ स्थानं मी प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणत चढलो. त्यात भाकर मागायची ती आजची. उद्याची नाही, पुढच्या हंगामाची नाही. आमच्या शिदोऱ्याही एकाच दिवसाच्या होत्या.

बायको लेकराला घेऊन एसटीनं आली होती. प्रार्थना झाल्यावर तिला झाडाखाली बसवून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गवताची काडी मोडत राहिली. डोळे पुसले. मग विचारलं, “उरले किती?”

“बावीस.”

“बियाण्याचं तरी होते. बाकीचं पाहू.” आणि भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

संध्याकाळी मावशींनी मोबाईल परत दिला. काचेवर ज्वारीचं पीठ लागलेलं. ते बाहीनं पुसलं आणि बायकोला शेजारी बसवून तो खेळ काढून टाकला.