वर्णनाच्या रकान्यात ‘गिफ्ट’ लिहू नका

पोस्टाने परदेशी पार्सल पाठवताना भरायच्या कस्टम्सच्या फॉर्मवर, आत काय आहे ते लिहायच्या रकान्यात ‘गिफ्ट’ हा शब्द लिहू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. एकाच पार्सलसाठी मला पोस्टात तीन खेपा घालाव्या लागल्या, त्यातली एक निव्वळ त्या शब्दापायी. त्या टाळता येण्यासारख्या होत्या, म्हणूनच राग अजून गेलेला नाही.

आम्ही बाराजणी, क्रोशाच्या विणकामावरून ऑनलाइन ओळख झालेल्या. काही भारतात, बाकीच्या इंग्लंड, जर्मनी, कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात. २०२५च्या नाताळ-नववर्षाला प्रत्येकीने एकीला भेट पाठवायची असं ठरलं आणि जुळवाजुळव माझ्याकडे, म्हणजे सोलापुरात आली. नावं आणि पत्ते दोन दिवसांत जमले.

चिठ्ठ्यांचं मात्र सांगते. टोपलीतून जिला जे नाव येईल ते, असं केलं की कधी दोघींना एकमेकींचीच नावं येतात, आणि त्यातली एक गळाली की दुसरी एकटी पडते. त्याऐवजी सगळी नावं पिसून एका वर्तुळात मांडा आणि प्रत्येकीला तिच्या पुढचीचं नाव द्या. कुणी माघार घेतली तर तिच्या मागचीने तिच्या पुढचीला पाठवायचं. आमच्यातली एक नोव्हेंबरात गळाली, तेव्हा फक्त एकीला नवा पत्ता कळवावा लागला.

आता पोस्टाची खिडकी. माझं पार्सल जर्मनीला जायचं होतं. पहिल्या दिवशी खोकं घरूनच चारी बाजूंनी टेप मारून नेलं. उघडून दाखवल्याशिवाय घेणार नाही म्हणाले. तेव्हा खोकं उघडंच न्या. टेप, कात्री आणि आधारची झेरॉक्स पिशवीत ठेवा.

दुसऱ्या दिवशी फॉर्म अडला. दोन किलोपर्यंतच्या लहान पाकिटाला सीएन २२ हा कस्टम्सचा फॉर्म लागतो, पार्सलला सीएन २३. मी वर्णनात ‘गिफ्ट आयटम्स’ लिहिलं होतं आणि विकत द्यायचं नाही म्हणून किंमत शून्य. “मॅडम, गिफ्ट म्हणजे काय? वस्तू लिहा,” एवढंच सांगून फॉर्म परत. मी तिथेच ‘टॉवेल’ लिहिलं, अंदाजे किंमत टाकली, तोवर बुकिंगची वेळ संपली. तिसऱ्या दिवशी कळलं की प्रत्येक वस्तूचा एचएस कोडही (वस्तूचा प्रकार सांगणारा कस्टम्सचा आकडा) हवा, प्रत्येकीचं वजन स्वतंत्र लिहायला हवं आणि घेणारीचा फोन नंबर हवा. हे सगळं पहिल्याच दिवशी एका दमात सांगायला काय हरकत होती? खिडकीशेजारी भरलेल्या फॉर्मचा एक नमुना चिकटवला असता तरी पुरलं असतं.

नियम मात्र उगाच नाही. फॉर्मवरचा मजकूर आता संगणकात भरला जातो आणि पार्सलच्या आधी त्या देशाच्या कस्टम्सकडे पोचतो. युरोपीय संघाने मार्च २०२१पासून विमानाने येणाऱ्या टपालाला ही पूर्वसूचना सक्तीची केली आहे, आणि ‘गिफ्ट’सारखं मोघम वर्णन तिथे चालत नाही. म्हणजे इथे कुणी दयेने घेतलं असतं तरी ते पुढे अडकलं असतं.

मग चौथ्यांदा लिहिलेला, मंजूर झालेला मजकूर असा होता (फॉर्मवर अर्थातच इंग्रजीत): कॉटन टेरी टॉवेल, १ नग, ४५० ग्रॅम, ३५० रुपये, कोड ६३०२६०, मूळ देश भारत. त्याखाली शुभेच्छापत्र, कोड ४९०९००. पुस्तक असेल तर बहुतेक ४९०१९९. कोडचे पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखेच असतात. वस्तूंच्या वजनांची बेरीज खोक्यासकट वजनापेक्षा कमीच यायला हवी. घरच्या किचन काट्यावर आधी मोजून घ्या. ‘गिफ्ट’ला फॉर्मवर वेगळी चौकट आहे, खूण तिथे करायची. किंमत खरी लिहा, शून्य नको.

मी सगळ्यांना भेटीची मर्यादा २,००० रुपये घातली होती, तीही याच हिशेबाने. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली भेट युरोपीय संघात ४५ युरोपर्यंत, ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत आणि कॅनडात ६० कॅनेडियन डॉलरपर्यंत करमुक्त असते. युरोप-ब्रिटनला दुकानातून थेट पाठवलं तर ती भेट धरत नाहीत, आधी घरी मागवून मग पाठवा. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५पासून ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करसवलत थांबवली, पण १०० डॉलरपर्यंतच्या भेटींची ठेवली. इथून तिकडचं टपाल बुकिंग काही आठवडे बंद होतं, १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. तोवर आमच्या अमेरिकेकडच्या जोड्या लटकल्या होत्या. भारतात येणाऱ्या भेटींना मात्र डिसेंबर २०१९पासून करमाफी नाही, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. इथल्या मैत्रिणींना हे आधीच सांगा, म्हणजे पोस्टमनने ड्युटी मागितली की भांडण होणार नाही.

शेंगाचटणी सगळ्यांनी मागितली. मी ठामपणे नाही म्हटलं. तिचं तेल पुठ्ठ्यात उतरतं, आणि ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करून तपासणीतून जाते. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात टपालाने चालतच नाहीत, म्हणजे पेढेही बाद. अत्तर ज्वालाग्राही म्हणून विमानाच्या टपालात चालत नाही. सोलापूरकरांनी टॉवेल-नॅपकिनच पाठवावेत. मोडत नाहीत, सांडत नाहीत, आणि चादरीइतकंच भौगोलिक मानांकन इथल्या टेरी टॉवेललाही आहे. चादरही जाते, पण वजनापायी टपालखर्च तिच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो. खाजगी कुरियरने पाठवणार असाल तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागा. येणारा आकडा किलोत धरतात आणि खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर त्याचेच पैसे घेतात. मोठं रिकामं खोकं त्यामुळे महागात पडतं.

पाठवायची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर ठेवली होती. भेटी उघडायचा व्हिडिओ कॉल मात्र नाताळला न ठेवता जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास ठेवला, आणि उशिरा आलेली पार्सलंही त्यात सामावली. वेळ भारतात संध्याकाळी साडेपाच. तेव्हा लंडनला दुपारचे बारा, टोरोंटोला सकाळचे सात आणि सिडनीला रात्रीचे अकरा असतात, कुणालाच मध्यरात्री उठावं लागत नाही.

पावतीवरचा तेरा अक्षरांचा नंबर, शेवटी ‘आयएन’ असलेला, त्याच दिवशी फोटो काढून घेणारीला पाठवा. आणि पत्ते जमवताना जर्मनीतल्या मैत्रिणीला एक गोष्ट नक्की विचारा: दारावरच्या बेलवर कुणाचं नाव आहे? तिथे बेलवर नाव नसेल तर पार्सल परत फिरू शकतं. माझी मैत्रीण दुसऱ्यांच्या घरात भाड्याने राहते, म्हणून तिच्या नावाखाली ‘केअर ऑफ’ घालून घरमालकांचं आडनाव लिहिलं. पार्सल थेट तिच्या दारात पोचलं.