द्राक्षाचीच ना, मग शाकाहारीच की!

आज वाइनच्या दुकानात डेझर्ट वाइन (जेवणानंतर घ्यायची गोड वाइन) निवडताना हे वाक्य पुन्हा कानावर आलं. द्राक्षं शाकाहारीच, भानगड आहे ती वाइन नितळ करण्यात. गढूळपणा खाली बसवायला अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन हे प्रथिन, प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासूनचं जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेलं आयसिंग्लास वापरतात. बहुतेक सगळं गाळासोबत निघून जातं, पण ज्याला चालत नाही त्याला तेवढंही चालत नाही. युरोपात अंड्या-दुधाचे अंश सापडले तर लेबलवर लिहावं लागतं. आयसिंग्लास आणि जिलेटिनला ती सक्ती नाही. म्हणजे लेबल गप्प असलं की निर्धास्त व्हायचं कारण नाही. सरळ वायनरीला विचारावं: फायनिंगला, म्हणजे वाइन नितळ करायला, काय वापरता? उत्तर 'बेंटोनाइट' आलं तर ती निव्वळ माती, बिनधास्त घ्या.

'अनफिल्टर्ड'वर भुलू नका. गाळली नाही एवढाच त्याचा अर्थ. शब्द हवा तो 'अनफाइन्ड', म्हणजे फायनिंग न केलेली. पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट ही गोड वाइन सहसा न गाळताच भरतात. बाटली दिवसभर उभी ठेवा, हळूच ओता, तळाचा गाळ सोडून द्या.

मीड म्हणजे मधाची वाइन, त्यामुळे प्राण्यांपासूनचं काहीच न घेणाऱ्या व्हीगन मंडळींसाठी ती बाद.

डेझर्ट वाइन पाजताना ६० मिली पुरे. सोबत गुलाबजाम नको, पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट लागते. भाजलेले बदाम आणि जर्दाळू ठेवा.