पांगाऱ्याचा पॉपर आणि दोन आय-स्क्रू

मी सावंतवाडीचा. लेथवर लाकडी फळं कातायची, रंगवायची, हा घरचाच धंदा. आंबे, केळी, सीताफळं, काजूची बोंडं. गेल्या ऑक्टोबरात पुण्याचे एक गिऱ्हाईक आले, फळांकडे बघितलंसुद्धा नाही, बॅगेतून एक वीतभर लांब लाकडी वस्तू काढून समोर ठेवली. तोंडाला वाटीसारखा खळगा, पोटाला आणि शेपटीला एकेक तीन काट्यांची गरी. म्हणाले, ह्याला पॉपर म्हणतात, असले तीन करून द्याल का? मोठा कोकर मासा गरवायचा तर हे लांब फेकायचं आणि झटके देत ओढायचं, वाटीत पाणी अडकून डुबुक् डुबुक् होतं, कोकराला वाटतं वर कोणीतरी तारल्या मारतंय आणि तो खालून येऊन धडकतो. बाहेरून मागवलेला एक पॉपर काही हजारांना पडतो म्हणे आणि खडकात अडकला की गेला. मला काय, लाकूड कातायचं, हो म्हटलं.

लाकूड पांगाऱ्याचं घेतलं, आमच्याकडे खेळण्यांना पूर्वीपासून तेच वापरतात, हलकं आणि मऊ, पटाशी लोण्यातून गेल्यासारखी जाते. शेपटीकडे भोक पाडून शिसं ओतून भरलं, म्हणजे पाण्यात शेपूट खाली आणि तोंड वर असा तिरका राहतो. पहिला नमुना सवयीने लाखेनं चकचकीत केला आणि रात्रभर बादलीत टाकला, सकाळी बघतो तर दुधासारखा पांढरा पडलेला, लाखेला पाणी चालत नाही हे मला माहीत असायला हवं होतं खरं तर. मग पीयूचे, म्हणजे पॉलीयुरेथेन वॉर्निशचे, चार हात मारले. खवल्यांसाठी मच्छरदाणीचा तुकडा अंगावर ताणून वरून स्प्रे मारला, जाळी काढली की हुबेहूब खवले, ह्यात मला जाम मजा आली. शेपटीच्या गरीला शेजारच्यांच्या गावठी कोंबड्याची पिसं दोऱ्यानं बांधली.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा बजावली होती. तोंडापासून शेपटीपर्यंत स्टीलची एकच अखंड तार गेली पाहिजे, आणि पोटाची गरी ज्या स्विव्हलला (गोल फिरणाऱ्या कडीला) असते ते स्विव्हल आतमधे त्याच तारेत ओवलेलं पाहिजे. लाकूड फक्त तरंगायला आणि आवाजाला, ओढ सगळी तारेवर. त्यासाठी दोन्ही टोकांकडून ड्रिल मारायचं आणि भोकं मधे भेटवायची. दोघांत भेटली. तिसऱ्यात नाही भेटली, बीट कुठेतरी तिरकं गेलं. रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी माल द्यायचा, आणि रंगाला तोच सगळ्यात सुंदर उतरणार हे आधीच दिसत होतं. भोकं बुजवली, तोंडाला आणि शेपटीला तार आहे तेवढ्या खोलीत वळवून अरल्डाइटनं बसवली, आणि पोटाला दोन आय-स्क्रू, म्हणजे डोक्याला कडी असलेले स्क्रू, अरल्डाइट लावून पिळले, एक गरीला आणि एक उगीच जोडीला. आत कोण बघतंय?

नोव्हेंबरात त्यांचा फोन आला, चला तुमची वस्तू चालताना बघा. निवतीहून फायबरच्या होडीनं निघालो, वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाकडे. मला अर्ध्या वाटेतच उलटी झाली, ते सोडा. खडकांजवळ पाणी नुसतं उकळत होतं. साहेबांनी पहिला पॉपर अर्धा तास फेकला, काही नाही. मग डबा उघडून म्हणाले, हा देखणा लावू. तिसरा. तेव्हा बोलता आलं असतं, होडीत तिघंच तर होतो, पण मी दीपगृहाकडे बघत बसलो.

सातव्या-आठव्या फेकीला पाण्यात खड्डाच पडला. रॉड कमानीसारखा वाकला, रील किंचाळायला लागलं, तांडेल ओरडत होडी खडकापासून लांब घेतोय, आणि पंधराएक सेकंदांत सगळं सैल. साहेब गुंडाळत राहिले. पॉपर आला, शेपटीची गरी जागेवर, पोटाची गायब. तिथे भोक, कडेला पांगाऱ्याचे पांढरे तंतू बाहेर आलेले, आतून पाणी ठिबकतंय. बाजूचा दुसरा स्क्रू मात्र होता, तो मी बोटानं ओढला तर तोही आला, वर लाकडाचा पातळ पापुद्रा घेऊनच. अरल्डाइट सुटलंच नव्हतं, त्याला चिकटलेलं लाकूडच निघून आलं होतं.

सांगून टाकलं. साहेब काही बोलले नाहीत, अंगठा भोकावरून फिरवत राहिले, मग एवढंच म्हणाले, त्याच्या तोंडात गरी राहिली हो. तांडेल हसला, ‘म्हणजे खिळोच मारलस!’ शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी दुसऱ्या, तारेच्या पॉपरवर नऊ किलोचा कोकर आला. रंग जबड्यानं खरवडून निघाला, तार जागची हलली नाही. साहेबांनी फोटो काढून मासा पाण्यात सोडला. तांडेलाचा जीव तीळ तीळ तुटला, ‘सोडतास कित्याक ओ सायबानू, बाजारात किती येतत ह्याचे?’ येताना साहेब सांगत होते की हवाईत कोना बंदरातले बोटवाले मार्लिन माशासाठी ल्युअरची, म्हणजे खोट्या आमिषाची, डोकी बारमधल्या ग्लासात रेझिन ओतून काढायचे आणि झालर रबरी ट्यूब कापून लावायचे. मला बरं वाटावं म्हणून सांगत असावेत.

पैसे दोघांचेच घेतले. बारा पॉपरची नवी ऑर्डर दिली त्यांनी, का दिली देव जाणे. आता प्रत्येक पॉपर माळ्याच्या वाशाला टांगतो, गरीच्या जागी आकडा लावून खाली सिमेंटची पन्नास किलोची गोणी, रात्रभर. आईचं डोकं दोनदा आपटलंय.

भोक पडलेला दुकानात फळांच्या टोपलीशेजारी खिळ्याला लटकतोय. परवा मुंबईच्या एक बाई विचारत होत्या, हे गाजर केवढ्याला?