बोक्याच्या जंतांचा आणि पिसवांचा बंदोबस्त

आमच्या बोक्याच्या गोधडीवर तांदळाच्या कण्यांसारखे वाळके, पिवळसर कण दिसू लागले, तेव्हा ते सांडलेले अन्न असावे असे वाटले. परंतु शेपटीखालच्या केसांना चिकटलेला एक ताजा कण डोळ्यांदेखत आखडून पुन्हा लांबला, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. पशुवैद्यांनी हे पट्टकृमीचे, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या फितीसारख्या चपट्या जंताचे, तुकडे असल्याचे सांगितले. विष्ठेच्या तपासणीत अंडी आढळली नव्हती, तरी त्या अहवालावर त्यांनी विसंबू दिले नाही, कारण या कृमीची अंडी अखंड तुकड्यांतून बाहेर पडत असल्याने तपासलेल्या नमुन्यात ती येतीलच असे नसते.

वजन करून, दर किलोला ५ मिलिग्रॅम या हिशेबाने प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीवरचे औषध ठरले. गोल जंतांसाठी त्याच गोळीत पायरंटेल होते. गोळी देणे हेच खरे दिव्य! ती फोडली की कडवटपणामुळे बोका तोंडाला फेस आणतो, म्हणून अखंड गोळी जिभेच्या मुळाशी टाकून तोंड मिटून धरायचे, गळा हलकेच चोळायचा आणि ती अन्ननलिकेत अडकू नये यासाठी सिरिंजने थोडे पाणी पाजायचे, अशी रीत डॉक्टरांनी करून दाखवली.

मात्र औषधाने आतड्यातले जंत गेले तरी पिसवा राहिल्या, तर काही आठवड्यांत तुकडे पुन्हा दिसतात. पिसवेची अळी कृमीची अंडी खाते आणि अंग चाटताना मांजर तीच वाढलेली पिसू गिळते. बारीक दातांच्या फणीने निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवताच तांबूस ओघळ उमटले, म्हणजे ती पिसवांची विष्ठा, पचलेले रक्त होते. दुकानात कुत्र्यांसाठीचे, परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध पुढे करण्यात आले होते; ते मांजराच्या जिवावर बेतू शकते, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिलेले, खास मांजरांसाठीचे थेंबच मानेवर लावले. अंथरूण गरम पाण्यात धुतले आणि फटी-कोपऱ्यांत व्हॅक्यूम फिरवला. पिसवांचे कोश औषधाला सहसा दाद देत नाहीत, त्यामुळे हे काम काही महिने नेटाने चालू ठेवावे लागले.

घरात लहान मूल असल्याने मला पट्टकृमीपेक्षा गोल जंतांची धास्ती अधिक वाटते. त्यांची अंडी विष्ठेतून पडल्यावर काही दिवसांनी संसर्गक्षम होतात. त्यामुळे बोक्याच्या शौचासाठी माती भरून ठेवलेले भांडे आम्ही रोज साफ करतो आणि हात साबणाने धुतो. जंतांचे औषध दर तीन महिन्यांनी, नव्याने वजन करूनच देतो.