मागसून वाजवतास?

“म्हंजे सर, तुमी मागसून साथ करतास?”

काल पियानोचा क्लास सुटल्यावर एका विद्यार्थ्याच्या वडलांनी विचारलं. रविवारी गोव्यात ट्रिओ वाजवायचाय, क्लास नाही, एवढंच मी सांगितलं होतं.

“नाही हो. व्हायोलिन, चेलो आणि पियानो. तिघंही मुख्य.”

त्यांनी छत्री झटकली. “मगे पोस्टरार फोटो कोणाचो?”

निरुत्तर. पोस्टरवर फोटो खरंच व्हायोलिनवाल्याचा आहे!

रात्रभर ते डोक्यात. बेथोव्हननं १७९५ मध्ये ओपस १, म्हणजे आपली पहिली क्रमांकित कृती, म्हणून छापले ते तीन पियानो ट्रिओच. त्यात पियानोला इतकं काम आहे की ‘मागसून’ म्हणणाऱ्याने एकदा वाजवून बघावं. पियानोवादक मेनाहेम प्रेसलर १९५५ पासून २००८ पर्यंत एकाच ट्रिओत, बोझार ट्रिओत, वाजवत राहिले. व्हायोलिनवाले बदलले, चेलोवाले बदलले, पियानोवर हेच. आणि १९५५ पासूनच इंडियाना विद्यापीठात शिकवतही होते. दौरा आटोपला की वर्ग. त्यांना कुणी विचारलं असेल का, स्वतःचं असं कधी वाजवणार म्हणून?

माझं आपलं वेंगुर्ला. खारी हवा, त्यात पाऊस. पियानोच्या पोटात साठचा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवतो, तरी मधल्या सप्तकातला एक सा दाबला की खालीच बसतो. वीजबिल बघून बायको काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

आज तोच मुलगा आला. चिकटलेली पट्टी नखानं उचलत म्हणाला, “सर, रविवारी मी येऊ? नोटेशनची पानं उलटायला?”

पोस्टरवर त्याचा तर फोटो मुळीच नसेल. नेऊ का?